मेणवलीच्या घाटावरच्या अनोळखी मंडळींचे आभार

रविवारी मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या कृष्णेच्या घाटावर निसर्गचित्रणाची एकदिवसीय कार्यशाळा केली. सरांचे आभार तिथेच मानले. ज्यांची नावं विचारायची राहून गेली, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

शेजारी बसलेल्या ताई, माझा पातळ कागद पहिल्याच वॉशला, म्हणजे पाणीदार रंगाच्या पहिल्याच थराला, पापडासारखा फुगला, तेव्हा तुम्ही न मागता ३०० जीएसएमच्या, म्हणजे चांगल्या जाड कागदाचा अर्धा ताव फाडून दिलात. (तो काही स्वस्त नसतो!) वर सांगितलंत, "डोळे किलकिले करून बघा. तपशील गळतात, उजेड-सावली उरते." मग कळलं, लांबचा पांडवगड फिका निळसर का आणि जवळच्या दगडी पायऱ्या एवढ्या गडद का. पाण्यावरच्या चकाकीसाठी कागद कोरा राखायचा, हे ऐकून होते. पण तिथे ब्रश आवरणं महाकठीण. तुम्ही दर वेळी नुसतं "अं हं" म्हणायचात!

पाण्याचा डबा भरून देणारा मुलगा, दुपारी ओसरीवर सावलीत बसू देणारे आजोबा, तुमचेही आभार. आणि धुणं धुणाऱ्या मावशी, लाल लुगडं चित्रात यावं म्हणून तुम्ही मुद्दाम जागा सोडली नाहीत. चित्रात तेवढंच झकास जमलंय.