दरवानाचा कोट आणि यानिंग्जची पाठ

पुणे

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार वि. वि.

दिग्दर्शक मुर्नाऊचा १९२४ सालचा जर्मन मूकपट ‘डेर लेट्झ्टे मान’ तुझ्या आग्रहाखातर परवा पाहिला आणि काल पुन्हा पाहिला. त्यातला म्हाताऱ्या दरवानाची भूमिका करणारा नट एमिल यानिंग्ज ‘फार करतो’ हे तुझे मत पहिल्या वेळी मला पूर्ण पटले होते. दुसऱ्या वेळी ते अर्धेच पटले, म्हणून हे पत्र.

काल मी मुद्दाम त्याच्या डोळ्यांपेक्षा पाठीकडे अधिक पाहत राहिलो. सोनेरी बटणांचा तो लांब कोट घालून हॉटेलचा हा दरवान आपल्या चाळीत शिरतो आणि शेजाऱ्यांना सलाम करतो, तेव्हा एखाद्या निवृत्त सेनापतीचा थाट त्याच्या पाठीत दिसतो. मॅनेजरच्या खोलीत, दरवानाचे काम काढून स्वच्छतागृहात बदली केल्याचे पत्र वाचल्यावर, आपल्या अंगात अजून बळ आहे हे दाखवण्यासाठी तो जड ट्रंक उचलू पाहतो आणि कोसळतो. त्यानंतर अंगावरून कोट उतरवला जात असताना तो ज्या निमूटपणे उभा राहतो, त्यात मला तरी अतिरेक दिसला नाही. यानिंग्ज तेव्हा जेमतेम चाळिशीचा होता, हे त्या क्षणी खरेही वाटत नाही.

तुझा आक्षेप मला पटतो तो पुढे, तळघरातल्या स्वच्छतागृहात. तिथे तो इतका वाकतो, की त्याचे दुःख आपल्याला दिसण्याआधी त्याचे वाकणेच दिसते. छायाचित्रकार कार्ल फ्रॉइंडने कॅमेरा छातीला बांधून नशेचे दृश्य टिपले; तिथे सगळी खोलीच डुलत असल्यामुळे नटाला फारसे काही करावे लागत नाही. कॅमेरा स्थिर झाला, की यानिंग्ज सगळा भार एकट्याच्या खांद्यावर घेतो. (संवादपाट्यांशिवाय मूकपट पेलण्याची सक्ती असलेल्या नटाला याबद्दल किती दोष द्यायचा, हे तूच ठरव.)

अख्ख्या चित्रपटातली एकमेव निवेदनाची पाटी येते ती शेवटाच्या आधी: लेखकाला म्हाताऱ्याची दया आली आणि त्याने जवळजवळ अशक्य असा उपसंहार जोडला. एका लक्षाधीशाचा वारसा मिळालेला दरवान त्याच हॉटेलात बसून भरपेट जेवतो, आणि ज्या रात्रपाळीच्या पहारेकऱ्याने त्याच्यावर माया केली होती त्यालाही शेजारी बसवून खाऊ घालतो. तू या भागावर चिडला होतास. मला मात्र यानिंग्जचा भडकपणा तिथेच सर्वांत शोभला, कारण ती परीकथा आहे हे त्याने लपवलेले नाही.

वहिनींना नमस्कार. पुण्यास आलास, की स्वच्छतागृहाचा प्रसंग पुन्हा लावू आणि भांडू.

तुझा,
अविनाश