पोकळ बाजूला श्वास घ्यायला शिकवणाऱ्या बाईंना

ती. बाईंना,
सा. न. वि. वि.

मोबाइलवर तुम्ही चार ओळींच्या वर वाचत नाही. सूनबाई वाचून दाखवतील आणि तुम्ही मध्येच "पुरे गं" म्हणाल, हेही मला माहीत आहे. तरी सगळ्यांना दिसेल असंच लिहिते आहे. गेल्या महिन्यात ब्लाउज टाकायला आलेल्या तीन बायकांनी मला विचारलं, "तुमच्या पाठीचा बाक योगाने गेला म्हणे?" गेला नाही. आहे तिथेच आहे. आणि तो जाईल असं तुम्ही मला एकदाही सांगितलं नाहीत, याचेच तर मला आभार मानायचे आहेत.

नाशिकच्या पंचवटीत घरी मशीन टाकून मला सोळा वर्षं झाली. माप घेताना गिऱ्हाइकाचे दोन खांदे वेगळे लागले तर आम्ही बोलून दाखवत नाही. उतरत्या बाजूला पॅडचा एक थर जास्त देतो आणि मोकळ्या होतो. (दोन्ही खांदे तंतोतंत सारखे असलेली बाई मला अजून भेटायची आहे.) पण स्वतःच्या ब्लाउजची पाठ मी दोन वेगळ्या मापांनी कापत होते, उजवी बाजू रुंद आणि डावी अरुंद. त्याला काही नाव असतं, हे चाळिशी जवळ आली तरी ठाऊक नव्हतं. लहानपणी आई "सरळ बस" म्हणून ओरडायची, आणि मला वाटायचं मी आळशी आहे.

मग मशीनवर अर्धा तास बसलं की उजव्या फऱ्याखाली आग व्हायला लागली. एक्स-रे काढला. वर उजवीकडे ३६ अंश, खाली डावीकडे २९. स्कोलिओसिस, म्हणजे पाठीचा कणा बाजूला वाकलेला. डॉक्टरांनी फिल्मवर पट्टीने रेघा मारून कोन मोजला. कॉब नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ साली सांगितलेली ही रीत आजही तशीच चालते म्हणे. दहा अंशांच्या पुढे गेलं की स्कोलिओसिस म्हणायचं, आणि मोठ्या माणसात शस्त्रक्रियेचा विचार साधारण पन्नासच्या आसपास. मी मध्येच. "वाढ संपलीय, घाबरू नका, व्यायाम करा," एवढं सांगून त्यांनी सोडलं.

व्यायाम कुठला, ते कोणी सांगितलं नाही. तुमच्याकडे यायच्या आधी मी एका ठिकाणी गेले होते, तिथे तीन महिन्यांत मणका सरळ करून देतो म्हणाले. पैसे आगाऊ घेतले. वर्गात तीस जण, सगळ्यांना एकच पीळ, आणि माझा खांदा धरून कुणीतरी आणखी अर्धा वीत मागे ओढला. आठ दिवस मी अंथरुणावर. त्यात दिवाळीचे ब्लाउज अडकले होते.

म्हणून अशोकस्तंभाजवळचा तुमचा जिना चढताना माझ्या मनात काही आशा वगैरे नव्हती. होळकर पुलावरून चालत आले होते, डिसेंबरची सकाळ, हात गारठलेले. तुम्ही आधी एक्स-रे मागितलात आणि खिडकीच्या उजेडाला धरून बराच वेळ पाहिलात. "कुठली बाजू फुगलीय आणि कुठली पोकळ, हे कळल्याशिवाय मी तुला हातसुद्धा वर करायला सांगणार नाही." शाळेत पी.टी.च्या बाई होतात ना, आवाज तोच. मग म्हणालात, "हाड मी बदलणार नाही. ते कुणी बदलून देतो म्हणालं तर चप्पल घालायची आणि निघायचं. पण हाडाभोवतीचं सगळं आपल्या हातात आहे."

त्या दिवशी एकही आसन झालं नाही. सतरंजीवर उताणं झोपवलंत आणि विचारलंत, पाठ जमिनीला कुठे टेकतेय, कुठे नाही. उजव्या फासळ्या रुतत होत्या, डाव्या फऱ्याखाली हात जाईल एवढी फट. तिथे तुम्ही पंचाची घडी सरकवलीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझी पाठ सगळीकडून जमिनीला टेकली. रडू का आलं ते तुम्ही विचारलं नाहीत.

मग तो श्वास. पालथं झोपवून डाव्या फऱ्याखाली दोन बोटं ठेवायचात, "इथे घे." मी छाती फुगवायचे, पोट फुगवायचे, बोटांखाली काहीच हलायचं नाही. तुम्ही मला जर्मनीतल्या कॅथरिना श्रॉथची गोष्ट सांगितलीत. तिचीच पाठ वाकडी होती, आणि फुग्यात हवा भरते तशी दबलेल्या बाजूत श्वास भरायचा, असं तिने स्वतःवर करून पाहिलं आणि १९२१ पासून इतरांना शिकवलं. तिचं ते योगासन नव्हे, पण तुम्हाला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. पुण्यात अय्यंगार पद्धत शिकून आलात, पट्टे, विटा, खुर्च्या तिथल्या, श्वास श्रॉथबाईंचा, आणि ओरडणं स्वतःचं.

तीन आठवडे काही नाही. मग एका सकाळी घरीच ओट्याला हात टेकून वाकले होते. माझ्या कुठल्याही ब्लाउजला पाठीत डावीकडे कापडाची एक चुणी पडते, मापात कितीही मारली तरी. श्वास घेतला आणि ती चुणी भरली. कापड ताणलं गेलेलं मला कातडीला कळलं. सोडला, पुन्हा चुणी. पुन्हा घेतला, पुन्हा भरली. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते मोजायचं राहिलं, वरणाचा लगदा झाला. तुम्हाला फोन केला तर म्हणालात, "हं. आता रोज."

ओट्याचं आसन हे माझं सगळ्यात आवडतं. दोन्ही हात ओट्यावर, पावलं मागे, कंबर मागे खेचायची, पाठ लांब. मग हात हळूहळू उजवीकडे चालवत न्यायचे, म्हणजे आखडलेली डावी बाजू उघडते. दोन्हीकडे सारखं करायचं नाही, हे पचायला मला वेळ लागला. आपल्याकडे उजवीकडे तीन वेळा केलं की डावीकडे तीन वेळा करायचं, हा धर्मच. तुम्ही म्हणालात, "कापड एका बाजूला आटलंय तर दोन्ही बाजू सारख्या ताणशील का?" मग कळलं. तसंच उजव्या कुशीवर झोपून फासळ्यांखाली चादरीची वळकटी घ्यायची, सुरुवातीला दोन मिनिटं. खोल पीळ नाही, शीर्षासन-सर्वांगासन नाही, पाठ मागे मोडणं नाही. मागितलं तरी नाही.

आणि तुम्ही माझं मशीन बघायला घरी आलात. ते तर कुठल्याच फीमध्ये बसत नाही. स्टूल दोन बोटं उंच करायला लावलंत. मोटरचा पेडल मी इतकी वर्षं उजव्याच पायाने दाबत होते. दुपारनंतर डावा पाय, असा हुकूम. आणि बॉबिन संपलं की उठायचं, भरलेलं दुसरं बॉबिन हाताशी ठेवायचं नाही. घड्याळ कोण बघतं? पण बॉबिन तर संपतंच.

एकदा मी तुमच्या पाठीमागे शहाणपणा केला तेही लिहून टाकते. व्हॉट्सॲपवर कुणीतरी पाठवलं होतं: एकच आसन, वसिष्ठासन (कुशीवर होऊन एका हातावर अंग तोलायचं), रोज दीड मिनिट, बाक तिसऱ्या हिश्श्याने कमी. मी दोन्ही बाजूंनी सुरू केलं. चौथ्या दिवशी कंबर धरली. तुम्ही तो अभ्यासही वाचलेला निघाला! डॉ. लॉरेन फिशमन यांचा, २०१४ चा. "पंचवीस माणसं, तुलनेला दुसरा गट नाही. खोटा नाही म्हणत मी, पण एवढ्यावर घर बांधू नये. शिवाय आसन त्यांनी बाकाच्या फुगलेल्याच बाजूला करायला सांगितलं होतं, दोन्हीकडे नव्हे. आणि तुझे बाक दोन, एकमेकांच्या उलट. वरच्याला जे भलं ते खालच्याला भोवू शकतं." पुढे वर्षभराने तुम्हीच ते मला शिकवलंत, भिंतीला पाठ लावून, गुडघा टेकवून, दहा सेकंद.

दोन वर्षांनी पुन्हा एक्स-रे काढला, वरचा बाक ३३. मी पेढे घेऊन आले. तुम्ही पेढा खाल्लात आणि म्हणालात, मोजण्यातच पाच अंशांपर्यंत फरक पडतो, तेव्हा हे ३६ च समज. इतका राग आला होता मला! मग टेप काढून माझ्याच हातात दिलीत. काखेपासून कंबरेपर्यंत डावी बाजू उजवीपेक्षा पाऊण इंच कमी भरायची, ती आता पाव इंच. "हाड तेच आहे. तू उभी वेगळी राहतेस." आता मी सकाळी तीन तास काम करते, उठतबसत, आणि आग होते ती लग्नसराईतच.

पण हे सगळं बाजूला ठेवा. माझ्यावर तुमचं खरं ऋण आहे ते लेकीच्या बाबतीतलं.

ती साडेअकरा वर्षांची होती. तुम्ही सहज विचारलंत, "मुलगी केवढी आहे तुझी? उद्या आण." घरात एकाला असलं की बघून घ्यावं, एवढंच बोललात. तिला हात जोडून कंबरेतून वाकायला लावलंत आणि तुम्ही मागे उकिडव्या बसलात, डोळे तिच्या पाठीच्या पातळीला आणून. मलाही बसवलंत. उजवी बाजू डावीपेक्षा बोटभर वर. मी तिला रोज न्हाऊ घालणारी, तिचे फ्रॉक शिवणारी, मला दिसलं नव्हतं. तिच्यासमोर तुम्ही फक्त म्हणालात, "छान वाकतेस." मला जिन्यात सांगितलंत, याच आठवड्यात डॉक्टर.

१९ अंश निघाले. पाळी यायची होती, म्हणजे उंची भराभर वाढायची होती. आठ महिन्यांत २७. डॉक्टर ब्रेस म्हणाले, आणि मी तुमच्याकडे धावत आले की बाई, योग दुप्पट करू, पण पोरीला तो प्लास्टिकचा पिंजरा नको. आयुष्यात कुणी माझ्यावर एवढं ओरडलं नसेल. "वाढत्या हाडाशी माझी आसनं भांडू शकत नाहीत. तुझी वाढ संपली होती, तिची चालू आहे. ब्रेस घालायचा, आणि ब्रेस काढून ठेवलेल्या वेळात माझ्याकडे यायचं." शेजारपाजारचे तिच्या लग्नाच्या चिंतेत होते, सातवीतल्या मुलीच्या! डॉक्टरांनी २०१३ च्या मोठ्या अभ्यासाचे आकडे दिले: ब्रेस घातलेल्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक वाढ संपेपर्यंत पन्नासच्या आत राहिला, न घातलेल्यांपैकी ४८ टक्क्यांचा. तुम्ही तेही उलगडून सांगितलंत, न घालताही निम्म्यांचं निभावतं आणि घालूनही काहींचं नाही, पण जितके तास जास्त तितकं बरं. भीती गेली नाही, पण निर्णय घेता आला.

पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन माप दिलं, पुन्हा जाऊन ब्रेस आणला. रोज अठरा तास. एप्रिलमध्ये घामाने कातडी सोलवटली, बाजारच्या बनियनची शिवण काखेखाली रुतायची. तेव्हा मेन रोडवरून मऊ होजिअरीचं कापड आणलं आणि बनियन उलटा शिवला, शिवण बाहेरून, बाजूला जोडच नाही. पाचव्या प्रयत्नाला जमला. तुम्ही बोटाने चाचपून पाहिलात आणि पुढच्या आठवड्यात आणखी एका मुलीच्या आईला माझ्याकडे धाडलंत. आजवर अकरा मुलींचे शिवलेत.

लेक आता पंधराची आहे. बाक २८ वर थांबलाय, ब्रेस रात्रीपुरता राहिलाय. शाळेत वाकून दाखवते मैत्रिणींना, कोणाची पाठ कशी ते बघते. तुमचंच शिकलीय, उकिडवी बसते आणि डोळे बारीक करते.

तुम्ही तिची फी घेतली नाहीत. दिवाळीला दिलेला चॉकलेटी खणाचा ब्लाउजपीस तुमच्या कपाटात तसाच पडून आहे, सूनबाईंनी सांगितलं. अस्तर मी आणून ठेवलंय. माप द्यायला या, बुधवारी दुपारी मी मोकळी असते. आणि तुमचा डावा खांदा उतरता आहे, मी पहिल्याच दिवशी पाहिलंय, पॅड मी न विचारता घालणार आहे.

आपली,
पंचवटीची शिंपीण