ओढ्याकाठची झाडं काढण्याआधी हे वाचा

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा दोन वाक्यांत "बरं, घे, आईशी बोल" म्हणून मोकळे होतात, म्हणून या वेळी लिहूनच पाठवतेय. दादा वाचून दाखवेल. बाबा, अर्ध्यातून उठायचं नाही.

आई, तू विचारत होतीस की मी उन्हाळाभर करते तरी काय आणि शेजारच्या काकूंना काय सांगायचं. सांग, ओढ्यातले किडे मोजते. त्याचे पैसे मिळतात हेही सांग, नाहीतर परवापर्यंत गावभर भलतंच होईल. युनिव्हर्सिटीच्या सुट्टीपुरती ही फेलोशिप आहे. जागा अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात, एव्हनडेलजवळ, स्ट्राउड वॉटर रिसर्च सेंटर. ही मंडळी १९६७ पासून व्हाइट क्ले क्रीक नावाच्या ओढ्याच्या मागे लागली आहेत. खाली डेलावेअर राज्यातलं न्यूआर्क शहर याच ओढ्याचं पाणी पितं. २००० साली सरकारनं संरक्षित नद्यांच्या राष्ट्रीय यादीत हा ओढा त्याच्या सगळ्या पाणलोटासकट घेतला. एरवी नदीचा एखादा पट्टा घेतात. अख्खा पाणलोट घेण्याची ती पहिलीच वेळ. आजूबाजूला अळिंबीच्या शेड आहेत, त्यामुळे वारं फिरलं की थेट आपल्या उकिरड्याचा वास येतो. मला बरं वाटतं, बाकीची मुलं नाक धरतात.

काम असं. गुडघाभर पाण्यात उभं राहून तळावर एक चौकट दाबायची, तिच्या मागे जाळी. चौकटीतला एकेक दगड उचलून हातानं चोळायचा, म्हणजे सुटलेलं सगळं धारेबरोबर जाळीत जातं. ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतलं की आधी नुसता गाळ आणि पानांचा चुरा दिसतो. जरा थांबलं की तो चुरा चालायला लागतो. मेफ्लायचं पिल्लू पोटाच्या दोन्ही अंगांचे कल्ले एकसारखे फडफडवत असतं. कॅडिसफ्लायची अळी वाळूचे कण चिकटवून अंगाभोवती नळी बांधते आणि ती ओढतच फिरते. शेपटीचे धागे मोजायचे: दोन असले तर स्टोनफ्लाय, तीन असले तर बहुतेक मेफ्लाय. या स्टोनफ्लायला थंड आणि भरपूर प्राणवायूचं पाणी लागतं. पाणी बिघडलं की आधी तीच गायब होते.

बाबा, तुम्ही म्हणाल, बाटली भरून प्रयोगशाळेत द्या की. देतोच. पण बाटली त्या घटकेपुरतं सांगते. रात्री कुणी काही सोडलं आणि पहाटेपर्यंत वाहून गेलं, तर बाटलीला पत्ता नाही. किडा तिथं महिनोन्‌महिने राहिलेला असतो, त्याच्यापासून काही लपत नाही.

आपल्याकडे पाणलोट म्हटलं की समतल चर, नालाबांध, पाणी अडवा-पाणी जिरवा. इथं पाऊस बारमाही, अडवायची घाई नाही. भांडण आहे ते पाण्यात काय उतरतं याचं: शेतातलं खत, गोठ्यातलं शेण, हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ. आणि त्यावर इथल्या लोकांचा सगळ्यात जास्त भरवसा आहे तो ओढ्याकाठच्या झाडांवर.

मुद्दा इथं आहे. दादा सांगत होता की ओढ्याच्या खोलीकरणाला जेसीबी येणार आहे, आणि त्याच हातानं आपल्या बाजूची करंजं, उंबर, जांभूळ काढून डाळिंबाच्या दोन ओळी वाढवायचं तुमच्या मनात आहे.

या संस्थेच्या लोकांनी जंगलातले आणि झाडं गेलेले ओढे शेजारी ठेवून पाहिले आणि २००४ साली ते छापलं. झाडं गेली की काठावर गवत माजतं, गाळ धरतं आणि ओढा अरुंद होतो. तुम्ही म्हणाल, बरंच झालं, जमीन मिळाली! मला पहिल्यांदा ऐकताना तुमचाच चेहरा दिसला होता. पण रुंद, सावलीतल्या ओढ्यात पाणी धुणारे जीव जास्त, म्हणून खाली जाणारं पाणी जास्त स्वच्छ. आणि पानं हेच तर त्या किड्यांचं जेवण. आता ही मंडळी दोन्ही काठांना किमान ३० मीटर झाडं ठेवा म्हणतात.

आपल्या वावरात ३० मीटर सोडा म्हणायला मला वेड लागलेलं नाही. इथल्या शेतकऱ्यालाही जमीन सोडवत नाही. म्हणून सरकार त्याच्याशी १० ते १५ वर्षांचा करार करून दर वर्षी भाडं देतं. तुम्हाला कोण देणार? शिवाय आपला ओढा दिवाळीनंतर डोहापुरता उरतो, त्यामुळे इथलं सगळं तिथं लागू होत नाही. पण मुळं काठ धरून ठेवतात हे दोन्हीकडे सारखंच. उंबर काढलात तर दोन-तीन पावसाळ्यांत तुमच्या त्याच दोन ओळींखालची माती ढासळून खालच्या बंधाऱ्यात जाऊन बसेल, आणि गाळ काढायला पुन्हा जेसीबीचं भाडं तुम्हीच भराल. खोलीकरणाला माझा विरोध नाही. मधला गाळ काढू द्या, काठाला हात लावू नका. जांभळाची एक फांदी सावली करते म्हणत असाल तर तेवढी छाटा.

हिवरे बाजारला पाऊस मोजून मग पिकं ठरवतात, हे मी इथं सगळ्यांना सांगितलं. तिथं मला लहानपणी तुम्हीच नेलं होतं. त्या गावचं कौतुक करून झाल्यावर आपल्या काठावर करवत चालवणार असाल, तर आता मी लोकांना काय तोंड दाखवू, सांगा.

आई, गुडघ्याला तेल लावतेस ना? आणि बाबांची बीपीची गोळी सकाळीच, चहाच्या आधी की नंतर ते डॉक्टरांना एकदा नीट विचार.

जेसीबीवाला दारात आला तर आधी मला फोन लावा. इथं मध्यरात्र असली तरी चालेल, मी त्याच्याशी बोलते.

तुमची,
ताई