नव्या कॅम्पसचा नकाशा उघडण्याआधी

प्रिय सुहास,

तुझं पत्र परवा मिळालं. नव्या कॅम्पसच्या नियोजन समितीत तुला घेतलं, हे वाचून मनापासून आनंद झाला. तू इतकी वर्षं वर्गात उभा राहून शिकवलंस, कोंदट खोल्या आणि अंधारे जिने सोसलेस. असा माणूस त्या टेबलाशी हवाच. तू विचारलंस, "मी आर्किटेक्ट नाही, मग नकाशा समोर आला की बघायचं तरी काय?" दोन दिवस डोक्यात तेच घोळतंय. पत्र लांबेल, सवडीने वाच.

नकाशा उघडलास की आधी इमारतींकडे बघू नकोस. त्यांच्यामध्ये जो पांढरा कागद राहिलाय, तो बघ. इमारती रंगवलेल्या असतात म्हणून नजर तिकडे जाते आणि मोकळी जागा नुसती उरलेली वाटते. प्रत्यक्षात विद्यार्थ्यांचं निम्मं आयुष्य त्या पांढऱ्या जागेतच जातं. आपल्या कॉलेजचंच बघ ना. कुठल्या खोलीत कुठला विषय शिकलो, हे मला आज सांगता येणार नाही. पण ग्रंथालयाच्या जिन्याचा तो रुंद टप्पा डोळ्यांसमोर आहे. बरोबर कोपर टेकेल इतक्या उंचीचा दगडी कठडा, वर्षानुवर्षं हात लागून कडेला गुळगुळीत झालेला, आणि वरच्या खिडकीतून येणारा उजेड. आपली ओळख तिथे झाली. तो टप्पा दोन हात अरुंद असता, तर आपण एकमेकांना वाट देऊन पुढे गेलो असतो.

हे अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसनने फार आधी ओळखलं होतं. 1819 मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठ स्थापन झालं, तेव्हा त्याला एकच अवाढव्य इमारत नको होती. त्याने विद्येचं एक खेडंच कल्पिलं. मधे लांबट हिरवळ. तिच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच घरं, वर प्राध्यापक राहणार आणि खाली वर्ग भरणार. घरांच्या मधे विद्यार्थ्यांच्या खोल्या, आणि या सगळ्यांना जोडणारी खांबांची सलग ओसरी. हिरवळीच्या माथ्यावर जिथे एरवी प्रार्थनामंदिर आलं असतं, तिथे त्याने घुमटाखाली ग्रंथालय ठेवलं. समोरचं टोक मात्र मुद्दाम उघडं सोडलं, दूरवरचं दिसावं म्हणून. ही जागा गुलाम माणसांच्या श्रमांवर उभी राहिली, हेही तिच्याबद्दल बोलताना विसरू नये. 1895 मध्ये घुमटाची इमारत आगीत जळाली. त्यानंतर जी नवी बांधकामं झाली, त्यांनी ते उघडं टोक बंद केलं. नकाशातली एक मोकळी बाजू गेली की किती जातं, ते मला त्या आराखड्यावरून कळलं.

आता अंतरांविषयी, कारण समितीत हा विषय कुणी काढत नाही. माणूस साध्या चालीने मिनिटाला साधारण 80 मीटर चालतो. दोन तासांच्या मधे 10 मिनिटं असतील, तर कागदावर 800 मीटर होतात. पण वर्गातून बाहेर पडणं, जिना उतरणं, गर्दी, पुन्हा जिना चढणं हे वजा केलंस की हातात 400 मीटरच राहतात. म्हणून रोजचे वर्ग, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा त्या टापूत बसतात का, हे फूटपट्टी घेऊन स्वतः मोज. आयआयटी कानपूरचा आराखडा अच्युत कानविंदे यांचा. त्यात वाहनांचे रस्ते बाहेरून नेले आणि शिकण्याच्या इमारती पायी चालणाऱ्यांसाठी छताखालच्या मार्गिकांनी जोडल्या. गाड्या मधे घुसल्या की मोकळ्या जागेचं पार्किंग व्हायला वेळ लागत नाही. यावर तू अडून बस.

माझ्या हातून झालेली एक चूक तुला सांगतो. उमेदवारीच्या काळात एका कॅम्पसच्या वर्गांच्या इमारतीचे नकाशे मी काढले होते. क्षेत्रफळ जास्त होतंय म्हणून बैठकीत कॉरिडॉर 10 फुटांवरून 6 फुटांवर आणला. मला ते पटत नव्हतं, पण मी गप्प बसलो. इमारत वापरात आल्यावर मुद्दाम तास सुटायच्या वेळी जाऊन उभा राहिलो. एका दारातून 100 मुलं बाहेर येत होती आणि तितकीच आत जायला खोळंबली होती. एक मुलगी कुबड्या घेऊन भिंतीला चिकटून उभी होती, गर्दी ओसरायची वाट बघत. शंका विचारायला सरांना गाठलेला मुलगा लोंढ्याबरोबर पुढे ढकलला गेला, प्रश्न तसाच राहिला. ते चार फूट वाचवून आम्ही काय घालवलं, ते मला त्या पाच मिनिटांत दिसलं.

अमेरिकन आर्किटेक्ट लुई कान यांनी हीच जागा जपली. अहमदाबादच्या आयआयएमचं काम 1962 मध्ये त्यांच्याकडे आलं. वर्गाबाहेरची ओसरी, जिना, अंगण यांनाही त्यांनी शिकण्याच्या जागेचा मान दिला. त्यांच्यासोबत तिथे काम केलेल्या बाळकृष्ण दोशींनी पुढे बंगळूरच्या आयआयएममध्ये हा विचार आणखी लांब नेला. तिथे कॉरिडॉर कुठे उंच, कुठे रुंद, कुठे वरून उघडा आहे. दगडी भिंतींवर ऊन दिवसभर सरकत राहतं. म्हणून कुणी कॉरिडॉरला 'वाया जाणारी जागा' म्हणालं, तर तिथल्या तिथे थांबव.

पायवाटांचं तर तुला आवडेलच. शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत विद्यार्थी केंद्र बांधायचं होतं, तेव्हा डच आर्किटेक्ट रेम कूल्हास यांच्या कार्यालयाने त्या मोकळ्या जमिनीवर मुलांच्या पायांनी पडलेल्या तिरप्या वाटा नोंदवल्या आणि त्यांनाच इमारतीच्या आतले रस्ते केलं. 2003 मध्ये ती इमारत उघडली. आपल्याकडे हिरवळीवर वाट पडली की तारेचं कुंपण येतं. मी पाहिलेल्या एका ठिकाणी ते कुंपण तीनदा वाकवलं गेलं आणि तीनदा सरळ केलं गेलं. त्यापेक्षा तिथे फरशा टाकायला काय हरकत होती? पहिलं वर्ष सगळे रस्ते पक्के करू नका, मुख्य तेवढे करा. बाकीचे मुलं दाखवतील.

इमारती कायमच्या एकाच कामाला जखडू नका, हेही महत्त्वाचं. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात 1943 मध्ये युद्धाच्या घाईत रडारच्या संशोधनासाठी लाकडी इमारत उभारली, नाव नुसतं '20 क्रमांक'. युद्ध संपलं की पाडायची होती. ती 1998 पर्यंत राहिली. तात्पुरती म्हणून तिला कुणी फार जपत नसे. हवी तिथे भिंत काढा, हवी तिथून वायर न्या. भाषाशास्त्रापासून ध्वनिशास्त्रापर्यंत निरनिराळ्या विषयांची माणसं त्याच लांब कॉरिडॉरमध्ये एकमेकांना भेटत राहिली. लाकडी बांधा असं मी म्हणत नाही. पण खांब आणि छत पक्कं ठेवून मधल्या भिंती हलवता येतील, पाण्याच्या नळ्या आणि तारा भिंत न फोडता दुरुस्त होतील, एवढं आर्किटेक्टकडून लेखी घे.

अजून एक, आणि यावर तुझे सहकारी नाराज होतील. नवी इमारत मंजूर करण्याआधी आत्ताच्या वर्गांचं वेळापत्रक मागव. दुपारनंतर किती खोल्या कुलूपबंद असतात, ते आठवडाभर फिरून मोज. प्रत्येक विभागाला स्वतःच्या खोल्या हव्या असतात, त्यामुळे एकीकडे खोल्या रिकाम्या आणि दुसरीकडे मुलं व्हरांड्यात उभी, असं होतं. उतारांचंही बघ. एक फूट चढायला रॅम्प किमान 12 फूट लांब हवा, आणि तो मुख्य दाराशीच. मागच्या बाजूला, कचऱ्याच्या डब्यांशेजारी नको.

तुमची पहिली बैठक होण्याआधी मला जमिनीच्या चढ-उतारांचा नकाशा पाठव, प्रत्येक मोठ्या झाडाचं खोड त्यावर दाखवलेलं असेल असा. आणि जोराचा पाऊस पडला की त्याच दिवशी जागेवर जा. पाणी कुठून येतं, कुठे साचतं, ते कागदावर पेन्सिलीने काढून ठेव. तो कागदही सोबत धाड. मग आपण दोघं बसून आधी पांढरी जागा ठरवू.

तुझा,
विनायक