बुरुजाचा हिशेब

नागासाकी, 8 फेब्रुवारी

प्रिय आई, बाबा,

सप्रेम नमस्कार.

ओडिशात कुष्ठरोग्यांच्या सेवेला जायचं म्हणाले, तर गेल्या रविवारी "ग्रॅहम स्टेन्सचं काय झालं ते विसरलीस का?" एवढंच विचारून बाबांनी फोन ठेवला. आई, तू रात्री परत फोन केलास, पण औषधांपलीकडे काही बोलली नाहीस. मलाही फोनवर धड बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मी विसरलेले नाही, बाबा. तो जळालेल्या गाडीचा फोटो आलेला पेपर तुम्ही माझ्यापासून लपवून कपाटात वरच्या फळीवर ठेवला होता. मला तो सापडला होता. 1999 च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूरला ऑस्ट्रेलियन मिशनरी स्टेन्स आणि त्यांचे दोन मुलगे गाडीत झोपले होते, तिथेच जमावाने त्यांना जाळून मारलं. फिलिप दहा वर्षांचा, टिमथी सहाचा, म्हणजे माझ्याच वयाचा. बापाने 34 वर्षं बारीपाड्याला कुष्ठरोग्यांमध्ये काढली होती. पण त्या गोष्टीत ग्लॅडिसही आहेत ना! नवरा आणि दोन मुलगे गेल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना क्षमा केली, आणि लेकीला घेऊन पुढची काही वर्षं तिथेच राहून त्याच रोग्यांची सेवा केली. मी नर्स झाले त्यामागे त्या बाई आहेत. हे तुम्हाला आजवर कधी सांगितलं नव्हतं.

सुटी काढून काल इथे आले. निशिझाकाची टेकडी स्टेशनपासून पाच मिनिटांवर. वारा इतका गार की बोटं बधिर झाली. लांब भिंतीवर इथे मारलेल्या ख्रिस्ती माणसांच्या ब्राँझच्या 26 मूर्ती ओळीने आहेत. कुणाचेच पाय टेकलेले नाहीत, बोटं खाली लोंबताहेत. ठेंगण्या मूर्ती आहेत त्या पोरांच्या. आपल्या गासच्या देवळाला ज्याचं नाव आहे तो गोन्सालो गार्सिया यांच्यातलाच. वसईत जन्मलेला, व्यापार सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन ब्रदर झालेला, आणि जपानी चांगलं येतं म्हणून 1593 मध्ये दुभाष्या होऊन इथे आलेला. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमाने त्यांना क्योटो-ओसाकात पकडलं, डाव्या कानाचा तुकडा कापला आणि ऐन थंडीत जवळजवळ महिनाभर चालवत इथे आणलं. 5 फेब्रुवारी 1597 ला क्रुसावर टांगून भाल्यांनी मारलं. लहानपणी सणाला आपण गोन्सालोच्या नावाने तळलेले फुगे खायचो, तेव्हा यातलं काही डोळ्यांपुढे येत नव्हतं.

पण माझा पाय अडला तो दुसऱ्याच एकापाशी. थॉमस कोझाकी, वय 14. बाप मिगेल त्याच्याबरोबरच होता. वाटेत मिहारा इथून त्याने आईला पत्र लिहिलं. बाबांची आणि माझी काळजी करू नकोस, स्वर्गात आपली भेट आहे, धाकट्या भावांना सांभाळ, असं त्यात आहे. ते तिच्या हाती पोचलं नाही. बाप मेल्यावर त्याच्या कपड्यांत, रक्ताने भिजलेलं सापडलं, असं सांगतात. आई, मी तिथे उभी राहून खूप रडले. भाला मुलाला एकदाच लागला, पण ती बाई पुढे किती वर्षं जगली असेल! धाकट्यांना जेवायला वाढताना तिने त्याचं ताट मांडलं असेल का, असले विचार मनात येत राहिले.

2015 मध्ये लिबियाच्या किनाऱ्यावर 21 जणांचे गळे कापले, तेव्हा तू बातम्या बंद केल्या होत्यास. एक घानाचा, बाकी सगळे इजिप्तचे कॉप्टिक ख्रिस्ती. आपल्याकडची माणसं आखातात जातात तसेच मजुरीला गेलेले. मरायला कुणी गेलं नव्हतं. येशूला नाकारलं नाही एवढंच. त्यातल्या दोघांचा भाऊ टीव्हीवर म्हणाला, मारेकरी समोर आला तर आई त्याला घरात बोलावेल. मला त्या आईपुढे बोलायची हिंमत नाही. एवढं तुझ्याकडून मी मागत नाही.

बाबा, बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असं प्रभूनेच सांगितलंय, लूकच्या 14 व्या अध्यायात. घर बांधताना तुम्ही विटा-रेतीचा हिशेब लाल वहीत ठेवला होतात, तसाच हा मांडते. मार्चअखेर इथला करार संपतो. ओडिशातल्या आदिवासी भागातल्या कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयात मला दोन वर्षांसाठी जायचं आहे. तिथे 18 हजार मिळतील, म्हणजे घरी 45 ऐवजी आठ हजार येतील. कर्जाचे 14 हप्ते उरलेत, 11 हप्त्यांचे पैसे मी बाजूला काढलेत. तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची ठेव मोडणार नाही. माझं लग्न आणखी लांबेल, आणि मिस्सा सुटल्यावर देवळाबाहेर बायका आईला त्यावरून बोलतील. तिथे सेवेकडे संशयाने पाहणारेही असतील. काही होणार नाही असं वचन देता आलं असतं तर दिलं असतं. गळ्यातला क्रूस मात्र काढून ठेवणार नाही.

श्रद्धेसाठी जीव देणाऱ्याला आपल्या मराठीत शब्द आहे रक्तसाक्षी. माझ्या वाट्याला रक्ताचं काही येईल असं मला वाटत नाही. साक्ष द्यायची ती जखमा धुवून, पट्ट्या बांधून. पण तिची किंमत मी एकटी भरणार नाही. बरीचशी तुम्हीच भरणार, रोज संध्याकाळी जपमाळ धरताना, फोन लागला नाही की. म्हणून तुम्हाला न विचारता सही करणार नाही.

बाबा, लाल वहीतलं एक पान फाडा आणि माझा हिशेब चुकला असेल तिथे तुमच्या हाताने दुरुस्त करून पाठवा. नको म्हणायचं असेल तर तेही लिहा, पण फोन ठेवू नका. मंगळवारी ओसाकाला परतते. आई, डोळ्यांचे थेंब संपले असतील, धाकट्याला आणायला सांग.

तुमची,
थोरली