ओंकारला याच आठवड्यात स्किनच्या डॉक्टरांकडे न्या

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

काल ओंकारने गाल कॅमेऱ्याजवळ आणून दाखवला. जबड्याच्या कडेला वाटाण्याएवढ्या चार गाठी आहेत. हात लावला तरी दुखतात आणि एकीलाही तोंड आलेलं नाही. हे वयात येतानाचे साधे मुरूम नाहीत. 'आपोआप जातील' म्हणून थांबायची वेळ आता गेली.

साध्या मुरमात तेल आणि मेलेल्या पेशींनी छिद्र बुजतं, वर पांढरं किंवा काळं टोक दिसतं, काही दिवसांत ते बसतं. ओंकारच्या गालात ते छिद्र आतल्या बाजूने फुटलंय आणि सूज खोलवर पसरलीय. म्हणून दाबून काही बाहेर येत नाही, उलट घाण आणखी आत ढकलली जाते. खड्डे पडतात ते अशाच गाठींचे. मुरूम बरे होतात, खड्डा मात्र आपणहून भरत नाही. म्हणून माझी एवढी घाई.

आई, मेडिकलवाल्याने दिलेल्या ट्यूबने तीन दिवसांत गाल गुळगुळीत झाला म्हणालीस, तेच मला भीतीचं वाटतं. ट्यूबवर बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यांतलं एखादं नाव आहे का, चष्मा लावून बघ. ही स्टेरॉइडं आहेत. लाली झटकन उतरते, पण महिना-दोन महिन्यांत कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात आणि मलम थांबवलं की मुरूम दुप्पट उसळतात. 2018 साली सरकारने अशी चौदा स्टेरॉइडं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी काउंटरवर मागितली की मिळतात. नवी ट्यूब आणू नका. जुनी फेकू नका, डॉक्टरांना दाखवा, म्हणजे ती कशी बंद करायची ते तेच सांगतील.

लिंबू, टूथपेस्ट, सोडा यांतलं काहीही नको, त्याने कातडी भाजते. डोक्याला खोबरेल लाव, पण कपाळावर ओघळू देऊ नकोस. आणि बाबा, आंब्याने 'उष्णता वाढून' हे होत नाही. खूप गोड, मैद्याचं खाणं आणि जिममधली व्हे प्रोटीनची पावडर यांचा थोडा संबंध दिसतो. तो पावडर घेत असेल तर न रागावता विचारा आणि डॉक्टरांना सांगा.

डॉक्टर बघताना पाटीवर एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल ही त्वचाविकारातली पदवी आणि नोंदणी क्रमांक आहे ना, ते पाहा. 'स्किन क्लिनिक' एवढ्यावर जाऊ नका. खासगीत जायचं नसेल तर लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत त्वचारोगाची ओपीडी आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. सोबत पिशवीत आतापर्यंतची सगळी औषधं, पावडरचा डबा आणि त्याचं आजचं वजन लिहिलेला कागद असू द्या. वजनावरून डोस ठरतो.

गाठी मध्यम वाटल्या तर बहुधा अडापलीन आणि बेंझॉइल पेरॉक्साइडचं मलम आणि पोटातून डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळी देतील. मलमाचं खरं गणित प्रमाणात आहे. अख्ख्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं, बस. चेहरा धुऊन पंधरा-वीस मिनिटं कोरडा होऊ द्यायचा, मग कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी असे ठिपके देऊन पसरवायचं. नुसत्या फोडावर थापायचं नाही. पहिले दोन आठवडे एकाआड एक रात्री. या काळात चेहरा सोलतो, चुरचुरतो, कधी मुरूम वाढल्यासारखे वाटतात, आणि नेमकं तेव्हाच लोक औषध सोडतात. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. बेंझॉइल पेरॉक्साइडने कापडाचा रंग उडतो, त्याला उशीचा पांढरा अभ्रा आणि वेगळा टॉवेल दे. डॉक्सिसायक्लिनची गोळी पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत अडकून जखम होते. दुधाबरोबर नको. दुपारी उन्हात जाताना सनस्क्रीन आणि टोपी हवी.

पण माझा अंदाज, ओंकारला आयसोट्रेटिनॉइन सांगतील, म्हणजे जीवनसत्त्व अ च्या जातीची कॅप्सूल. 'लिव्हर जातं' असं ऐकून नाही म्हणू नका. खोल गाठी आणि खड्डे पाडणाऱ्या मुरमांवर याच्याइतकं टिकाऊ औषध दुसरं नाही. साधारण वजनाच्या दर किलोला रोज अर्धा ते एक मिलिग्रॅम, सगळं मिळून दर किलोला 120 ते 150 मिलिग्रॅम होईपर्यंत. त्याचं वजन 60 किलो धरलं आणि रोज 30 मिलिग्रॅम दिले, तर किलोला 120 प्रमाणे 7200 मिलिग्रॅम पुरे व्हायला 240 दिवस, म्हणजे आठ महिने. सुरुवातीला डोस कमीच ठेवतात, एकदम वाढवला तर गाठी भडकतात. कॅप्सूल रिकाम्या पोटी नीट शोषली जात नाही. रात्रीच्या जेवणाबरोबर, भाकरीवर तूप घेऊन दे. ओठ जवळजवळ नक्की फाटणार, व्हॅसलीन खिशात ठेवायला सांग. नाकातून थोडं रक्त, डोळे कोरडे, अंग दुखणं हेही होतं. आधी आणि मध्ये लिव्हर व चरबीची रक्ततपासणी होते, ती उपाशीपोटी करा. डॉक्सिसायक्लिन आणि हे औषध एकत्र चालत नाही, डोक्यातला दाब वाढतो. जीवनसत्त्व अ च्या गोळ्या बंद. औषध संपून महिना होईपर्यंत रक्तदान नाही. गरोदरपणी याने बाळात गंभीर व्यंग येतं, म्हणून ही पाकिटं शेजारच्या कोणा मुलीला 'याला गुण आला' म्हणून चुकूनही देऊ नकोस, आई.

एखादी फार मोठी गाठ असेल तर तिच्यातच थोडं औषध टोचतात, दोन-तीन दिवसांत ती बसते. जास्त टोचलं तर तिथे खळगा पडू शकतो, म्हणून हे अनुभवी हातांनीच व्हावं. खड्ड्यांसाठी लेझर, सुया वगैरे आत्ताच कोणी सुचवलं तर थांबा. आधी मुरूम शांत व्हायला हवेत.

ताप, सांधे दुखणं, फोडांतून रक्त-पू वाहणं, डोकं ठणकून नजर धूसर होणं यांतलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तो सतत गप्प, उदास दिसला, झोपेनासा झाला, तरीही तसंच. पाहुण्यांसमोर त्याच्या चेहऱ्याचा विषय काढू नका. आणि आई, 'हात लावू नको' हे दिवसातून एकदाच म्हण, जास्त नको.

बाबा, चिठ्ठी मिळाल्यावर दोन्ही बाजूंचा फोटो काढून मला पाठवा, औषधांची नावं मी वाचते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी खिडकीजवळ, त्याच जागी, त्याच्या चेहऱ्याचे तीन फोटो काढून ठेवा: समोरून, डावीकडून, उजवीकडून. पुढच्या भेटीला डॉक्टरांना ते उपयोगी पडतील.

तुमची,
मनू