बाबांच्या तळपायाविषयी, म्हापशाच्या पत्त्यावर

मँचेस्टर,
१४ ऑक्टोबर

ती. बाबा,
सा. न.

आत्याने पाठवलेला फोटो पाहिला. चतुर्थीला म्हापशाला आलात, शिवोलीच्या नदीत गळ टाकायला उतरलात (चपला काठावर ठेवून, अर्थातच) आणि खडकावरचं कालव तळपायात घुसलं. त्याला सहा आठवडे झाले. सावंतवाडीला परत जाणं राहूनच गेलं.

परवा फोनवर म्हणालात, "आत्याची सांधेदुखीची गोळी घेतो, सूज उतरली की झालं." मी भांडलो, पण नीट सांगितलं नाही. आता लिहितो. आईला मोठ्याने वाचायला सांगा, तुम्ही अर्ध्यावर टाकाल.

गेल्या महिन्यात आडाळीवर खोबरं खवताना माझंही बोट कापलं. दुसऱ्या दिवशी लाल, गरम, टम्म. आठव्या दिवशी पट्टी काढून टाकली. ती सूज बोटाच्या कामाची होती. कातडीच्या पेशींत इंटरल्युकिन-१ नावाचं प्रथिन आधीपासून भरून ठेवलेलं असतं. पेशी फुटली की ते बाहेर सांडतं. वाडीत साप निघाल्यावर पहिली बोंब पडते ना, तसं. मग इंटरल्युकिन-८ या निरोप देणाऱ्या प्रथिनाच्या मागावर न्यूट्रोफिल, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, काही तासांत पोचतात आणि जंतू गिळू लागतात. दोन-तीन दिवसांनी मॅक्रोफेज, म्हणजे गिळणाऱ्याच पण मोठ्या पेशी, जमतात. इंटरल्युकिन-६ हे असंच आणखी एक निरोपाचं प्रथिन बनवताच न येणाऱ्या उंदरांच्या जखमा भरायला तिपटीपर्यंत वेळ लागल्याचं दिसलंय. आई म्हणते तसं "सूज इली म्हणजे जखम पिकली" असं दरवेळी नसतं.

खरी गंमत पुढे आहे, माझा सगळा दिवस तिच्यातच जातो. बोंब थांबवतं कोण? मॅक्रोफेज मेलेले न्यूट्रोफिल गिळतात आणि गिळता गिळता त्यांचा स्वभावच पालटतो. टीएनएफ हे सूज पेटवणारं भांडखोर प्रथिन सोडायचं कमी करून ते इंटरल्युकिन-१० आणि टीजीएफ-बीटा ही सूज शमवणारी प्रथिनं सोडू लागतात. तेव्हा कुठे कोलॅजन, म्हणजे कातडीचे धागे, विणणाऱ्या पेशी कामाला लागतात. साखर वाढलेली असली की हा पालट अडतो. सूज आणणारे निरोप येतच राहतात आणि त्यांच्यासोबत आलेली विकरं नवं कोलॅजन कापत सुटतात. मांगर शाकारताना एक गडी झापं चढवतोय आणि दुसरा ओढून काढतोय, असं चाललंय तुमच्या तळपायात.

डॉक्टरांनी जखम खरवडून रक्त काढलं म्हणून चिडलात. त्यांनी मेलेला भाग काढला. जुनी, अडून बसलेली जखम पुन्हा ताजी केली की बरं होण्याची वाट मोकळी होते. बोलावतील तेव्हा मुकाट्याने जा.

आत्याची ती गोळी स्टेरॉइडची आहे. तिने सूज दबेल, पण जखम भरणंही रेंगाळेल आणि साखर चढेल ती वेगळीच. दगडीचा पाला पहिल्या दिवशी चोळला असतात तर मी काही बोललो नसतो (आत्यापुढे तर नाहीच), पण उघड्या जखमेवर आता नको. "दुखत नाही" हेही मला सांगू नका. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात, म्हणूनच तुम्ही त्या पायावर बाजारापर्यंत चालत जाता. जखमेवर भार पडता कामा नये, घरातसुद्धा. डॉक्टरांनी दिलेला जोडा कपाटात आहे म्हणे!

"तुझ्या लॅबमधलं औषध पाठव" म्हणालात. पेशींना वाढायचा निरोप देणाऱ्या एका प्रथिनाचं मलम अमेरिकेत १९९७ साली मंजूर झालं, मधुमेही पायाच्या जखमांसाठीच. काहींना लागू पडतं. पण ते लावलं तरी साफसफाई आणि पायाला विश्रांती चुकत नाही, आणि ते मी टपालाने पाठवणार नाही.

दर रविवारी जखमेशेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवून फोटो पाठवा, म्हणजे आकार कळेल. फोटो आत्यानेच काढायचा. मागच्या वेळी तुम्ही चांगल्या पायाचा पाठवला होतात.

तुमचा,
बाळू